लाल पट्ट्याच्या ट्रामची थाप

मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरला त्या माराव्याच लागतात. "काही कळणारसुद्धा नाही", "सुट्टीतली एखादी छान जागा आठवा", असल्या. पण त्या थापा कामाचा भाग होत्या आणि त्यांनी कुणाचं वाईट झालं नाही. जिच्याबद्दल लिहायला बसलेय ती थाप मी निवृत्त झाल्यावर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ग्लासगोच्या एका लायब्ररीत, हातात बिस्किट असताना, पूर्ण शुद्धीत मारली.

आमच्या घराजवळच्या त्या लायब्ररीत दर मंगळवारी सकाळी पेन्शनर लोकांचा एक गट जमतो. त्या हिवाळ्यात विषय होता शहरातल्या जुन्या ट्राम. ग्लासगोच्या ट्राम साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाल्या. ज्यांना त्या नीट आठवतात ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. लायब्ररियन बाईंनी ठरवलं होतं, की ही मंडळी आहेत तोवर त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या आणि मग एक छोटंसं प्रदर्शन भरवायचं.

आम्हा नवराबायकोचा ट्रामशी काडीचाही संबंध नव्हता. आम्ही इथे आलो सत्तरच्या दशकाच्या शेवटी, दोघंही हॉस्पिटलच्या नोकरीवर. तोवर रूळसुद्धा डांबराखाली गेले होते. पण लायब्ररीत हीटिंग छान असतं, बिस्किटं चॉकलेटची असतात, आणि आमचे हे निवृत्तीनंतर दिवसभर माझ्या मागे फिरून मसाल्याचे डबे कुठल्या क्रमाने लावावेत ते मला शिकवत होते. त्यांना कुठेतरी नेऊन बसवणं गरजेचं होतं.

गटात आठदहा जण असायचे, पण बोलायचे दोघंच. एक होते निवृत्त भूगोलाचे मास्तर. त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल होती आणि त्या फाइलमध्ये ब्रिटनमधल्या ट्रामचा सगळा इतिहास होता. पहिल्या दोन मंगळवारी त्यांनी तो आम्हाला ऐकवला. मी चेष्टा करतेय, पण खरं सांगायचं तर तो भारी होता. एका अमेरिकन माणसाने लंडनच्या रस्त्यावर रूळ टाकले, पण ते रस्त्याच्या वर आलेले, त्यामुळे बड्या लोकांच्या बग्ग्यांची चाकं त्यांवर मोडायला लागली आणि रूळ उपटून टाकावे लागले. मग रस्त्याच्या पातळीत बसणारे रूळ आले आणि गावोगाव घोडे ट्राम ओढायला लागले. मग वाफेच्या ट्राम, त्यांच्या धुराने दोरीवरचे कपडे काळे. एडिंबराने तर रस्त्याखालून लांबच लांब केबल फिरवली. ती अडकली की तिच्यावरच्या झाडून सगळ्या ट्राम जागच्या जागी उभ्या. इथे मास्तर थांबून मिशीत हसले, कारण ग्लासगोच्या माणसाला एडिंबराचं काही बिघडल्यासारखा आनंद नाही. मग वीज आली आणि ट्रामचे सोन्याचे दिवस आले. आणि मग मोटारी आल्या, ट्राम मध्ये येतात असं सगळ्यांना वाटायला लागलं, आणि एकेका शहराने आपल्या ट्राम भंगारात काढल्या. ब्लॅकपूल तेवढं राहिलं. पुढे तीसेक वर्षांनी मँचेस्टर, शेफील्ड, क्रॉयडन, नॉटिंगहॅम यांना उपरती झाली आणि त्यांनी तेच रस्ते उकरून पुन्हा रूळ टाकले.

दुसऱ्या बोलणाऱ्या म्हणजे कंडक्टरबाई. वय पंच्याऐंशी, उंची पाच फुटांच्या आतच, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. त्या तरुणपणी ट्रामवर कंडक्टर होत्या. दारुड्यांना कॉलरला धरून कसं उतरवलं, एका बाईने ट्राममध्ये जिवंत बदक कसं आणलं, असे त्यांचे किस्से ऐकायला पलीकडच्या वाचनकक्षातली माणसंही पेपर खाली ठेवायची. मला त्या 'हेन' म्हणायच्या. ग्लासगोत बाईमाणसाला प्रेमाने हेन म्हणतात. या शहरात मला पहिल्यांदा कुणी हेन म्हटलं तेव्हा मी कोंबडी कुठे आहे म्हणून मागे वळून पाहिलं होतं.

तिसऱ्या मंगळवारी टेबलावर रेकॉर्डर आला. लायब्ररियन एकेकाला विचारत माझ्याकडे वळल्या, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "त्यांना नका विचारू. त्या आपल्या बिस्किटं खायला येतात. ट्राम ही आपली गोष्ट आहे, त्यांना काय माहीत असणार?"

बोलले हसतच. वाईट हेतू नव्हता. मी बिस्किटं खायला येत होते हेही खरंच होतं. पण पंचेचाळीस वर्षं या शहरात काढून, इथल्या माणसांना झोपवून, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत उठवून, माझ्या वाट्याला 'आपली गोष्ट' यायची नव्हती तर कुणाच्या यायची? माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सहा वर्षांची होते. लाल पट्ट्याची ट्राम होती."

शेजारी ह्यांचा चहा नाकात गेला.

मी थांबले असते तर निभावलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि रेकॉर्डरचा लाल दिवा जळत होता. मी सांगितलं, की माझे वडील इथे दोन वर्षं शिकायला होते, आम्ही त्यांच्याबरोबर होतो, मग परत गेलो. हे साफ खोटं. माझे वडील साताऱ्याच्या पलीकडे फार तर पुण्यापर्यंत जायचे. त्यापुढची गोष्ट मात्र खरी होती, फक्त ती माझी नव्हती. इथे आल्यावर आम्ही ज्या म्हाताऱ्या घरमालकिणीकडे राहिलो तिने ती मला सांगितली होती. तिची आजी अशिक्षित होती. तेव्हाच्या दुमजली ट्रामच्या अंगावर मार्गाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचा पट्टा असायचा, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपली ट्राम ओळखता यावी. आजीने नातीला शिकवलं होतं, लाल पट्टा असेल तरच चढायचं. एके दिवशी नात आजीचा हात सोडून वरच्या मजल्यावर पळाली, अगदी पुढच्या बाकावर बसली आणि झोपली. आजीला वाटलं पोर मागच्या दाराने उतरली, म्हणून तीही उतरली. पोर जागी झाली ती शेवटच्या थांब्यावर. ट्रामला वळायचं नसतं. ड्रायव्हर आपलं हँडल घेऊन दुसऱ्या टोकाला जातो आणि कंडक्टर बाकांच्या पाठी खटाखट उलट्या करते, की पुढचं मागे आणि मागचं पुढे. रडणाऱ्या पोरीला कंडक्टरने तेच काम दिलं. पोरीने वरच्या मजल्यावरचे झाडून सगळे बाक उलटे केले आणि रडं विसरून घरी आली.

मी सांगून संपवलं तेव्हा लायब्ररियनच्या डोळ्यांत पाणी होतं. "एका भारतीय मुलीची आठवण!" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे अशी एकही नाही. तुम्हाला कल्पना नाही हे किती मोलाचं आहे."

मला चांगलीच कल्पना होती.

घरी येताना हे बसस्टॉपपर्यंत माझ्यापुढे तरातरा चालत गेले. मग म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही."

"तुम्हाला कुणी बोला म्हटलंय?"

"मला कुणी विचारलं तर?"

"तर तुम्ही बिस्किट खा. तोंडात घास असताना बोलू नये."

पुढच्या मंगळवारपर्यंत मी जेवढा अभ्यास केला तेवढा मेडिकलच्या शेवटच्या वर्षालाही केला नव्हता. त्याच लायब्ररीतून ट्रामची पुस्तकं आणायची सोय नव्हती, म्हणून दोन बस बदलून दुसऱ्या लायब्ररीत गेले. क्लाइड नदीच्या काठच्या संग्रहालयात जुन्या ट्राम ठेवल्या आहेत, तिथे ह्यांना घेऊन गेले. बाक लाकडी की गादीचे, घंटेची दोरी कुठे, जिना कुठल्या बाजूला, सगळं वहीत उतरवून घेतलं. एका बाकाची पाठ खरंच उलटी होते का ते बघायला गेले तर तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, "मॅडम, कृपया हात लावू नका." आमचे हे दहा पावलं लांब, एका जुन्या सायकलकडे तोंड करून उभे होते. ह्या बाईला मी ओळखत नाही, अशी एकूण मुद्रा.

चौथ्या मंगळवारी मास्तर फाइल उघडूनच बसले होते.

"तुमची ती आठवण," ते म्हणाले. "फार छान. फक्त एक शंका आहे. तुम्ही सहा वर्षांच्या होतात म्हणजे पन्नासच्या दशकाची अखेर. तोवर रंगीत पट्टे जवळजवळ गेले होते. रंगांच्या जागी नंबर आले होते आणि ट्राम सगळ्या एकजात हिरव्या रंगवल्या होत्या. मग तुम्हाला लाल पट्ट्याची कुठून मिळाली?"

घरमालकीण माझ्या आईपेक्षाही मोठी होती. तिची ट्राम महायुद्धाच्या कितीतरी आधीची. हा साधा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता. वहीत बाकांची पाठ होती, जिना होता, दोरी होती, पण रंग कुठल्या साली गेले ते नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ताबडतोब एक अख्खं बिस्किट तोंडात घातलं.

"आमच्या डेपोत होती एक," खणखणीत आवाज आला. कंडक्टरबाई. "जुनी, लाल पट्ट्याची. रंगवायची राहून गेली होती. फाइलीत सगळं नसतं, मास्तर." मग त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आणि आता मला आठवतंय. रिबिनवाली पोर. ती तूच होय? बाक उलटे करायला मीच लावलं होतं तुला!"

खोलीत जे काही झालं ते मी सांगू शकत नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लायब्ररियनने रेकॉर्डर चालू आहे ना ते दोनदा तपासलं. मास्तरांनी फाइल मिटली.

"आणि मग," कंडक्टरबाई पुढे म्हणाल्या, "परत येताना तू माझ्या बुटांवर ओकलीस. आठवतंय ना, हेन?"

आता मी काय म्हणणार? "हो," मी म्हणाले. "सॉरी."

"नवे बूट होते."

"फारच सॉरी."

चहाच्या सुट्टीत त्यांनी मला किटलीजवळ गाठलं. चहाचा मग हातात दिला आणि दुधाची बाटली उघडता उघडता, आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "तू जन्मात कधी ग्लासगोच्या ट्राममध्ये बसलेली नाहीस."

मी मान हलवली.

"वाटलंच. गोष्ट चांगली सांगितलीस पण. कुणाची?"

मी घरमालकिणीबद्दल सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग मी विचारलं, की माझी बाजू का घेतली?

"तो मास्तर एक धागा ओढायला लागला ना, की थांबत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या माझ्याकडे वळला असता." आणि मग त्यांनी सांगितलं, की ट्रामवर कंडक्टर त्यांची मोठी बहीण होती. स्वतः त्या बिस्किटांच्या फॅक्टरीत होत्या, सगळी वर्षं. दारुड्याची कॉलर, जिवंत बदक, सगळं बहिणीचं. बहीण संध्याकाळी घरी यायची, बूट काढायची, पाय गरम पाण्यात सोडायची आणि दिवसभराचे किस्से सांगायची, आणि धाकटी समोर बसून ऐकायची. बहीण जाऊन बारा वर्षं झाली. "तिचे किस्से 'माझी बहीण म्हणायची' म्हणून सांगितले तर लोक अर्ध्यातच उठून जातात, हेन. 'मी' म्हटलं की बसतात. आणि सांगताना मला तिचाच आवाज ऐकू येतो."

त्यांनी माझ्या मगमध्ये, न विचारता, तीन चमचे साखर घातली.

पुढचे दोन मंगळवार मी त्यांच्या ताब्यात होते. त्यांना माझ्या बालपणाची सारखी नवी आठवण व्हायची. मी तिकिटांचा गठ्ठा कसा पळवला, एका पाद्रीबुवांची टोपी कशी खिडकीतून फेकली. मी प्रत्येक वेळी "हो, सॉरी" म्हणायचे. आमचे हे घरी येताना हसून हसून रस्त्यात थांबायचे आणि म्हणायचे, "फार वांड होतीस हं तू लहानपणी."

मग लायब्ररियननी फोटो मागितला. प्रदर्शनात दाराशीच माझा मोठा पॅनेल लावायचा होता, सहा वर्षांची मी आणि मागे लाल पट्ट्याची ट्राम. माझ्याकडे त्या वयाचा एकच फोटो आहे. साताऱ्याच्या घराच्या अंगणातला. मी फ्रॉक आणि दोन रिबिनी, मागे तुळशीवृंदावन, आणि बाजूला धोतरातले आजोबा. मी त्यांचं बोट धरलंय.

"ग्लासगोत तुळस?" ह्यांनी विचारलं.

"कापून टाकते."

मी फोटोची कॉपी काढून आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कात्री घेऊन बसले. तुळस सहज गेली. मग आजोबा. पण त्यांचं बोट माझ्या मुठीत होतं. मुठीसकट कापलं तर मला हात उरत नव्हता. बोट ठेवलं तर ते नुसतंच हवेतून आलेलं दिसत होतं. मी कात्री अशी धरून पाहिली, तशी धरून पाहिली. हे समोर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते खाली केलं. आजोबांनी मला शिकायला पाठवा म्हणून घरात भांडण केलं होतं. आणि ती घरमालकीण, जिने पहिल्या हिवाळ्यात रोज माझ्या बिछान्यात गरम पाण्याची पिशवी ठेवली, तिची एकुलती एक चांगली आठवण मी उचलून स्वतःच्या नावावर केली होती. मला एकदम स्वतःचा राग आला. मी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली आणि लायब्ररियनना फोन केला. म्हटलं, मंगळवारी मला सगळ्यांसमोर काही सांगायचंय.

त्याआधी कंडक्टरबाईंना सांगितलं. "मी फक्त माझं सांगणार," मी म्हणाले. "तुमचं नाही."

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. मग, "ठीक आहे."

मंगळवारी मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. वडील इथे कधी आलेच नाहीत, मी ट्राममध्ये बसले नाही, आठवण घरमालकिणीची. सांगायला दोन मिनिटं लागली. लायब्ररियन लाल झाल्या. पॅनेलचा मजकूर छापायला गेलेला होता. त्या चिडल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. मास्तर मात्र उजळले. "मी म्हटलं होतं! पट्टा! पट्ट्यावरून मला कळलं होतं!" एवढा खूश झालेला माणूस मी फार दिवसांनी पाहिला. मग एकदम त्यांच्या भुवया चढल्या. ते कंडक्टरबाईंकडे वळले. "पण मग तुम्हाला ही कशी आठवली? बूट? रिबिनी?"

सगळी खोली वळली. मी डोळे मिटून घेतले.

"माझ्या बुटांवर किती पोरी ओकल्या असतील, मास्तर," कंडक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "रिबिनी प्रत्येकीला असायच्या. मी चेहरे बघत बसू का बूट पुसू?"

मास्तर फाइलीची पानं उलटायला लागले.

लायब्ररियनचा राग दोन आठवडे टिकला. मग त्यांनी स्वतःच फोन करून घरमालकिणीचं नाव विचारलं. पॅनेल नव्याने छापला. त्यावर तिचं नाव आहे, तिच्या अशिक्षित आजीचा उल्लेख आहे, आणि खाली लहान अक्षरांत लिहिलंय, की ही आठवण तिने साताऱ्याहून आलेल्या एका भाडेकरूला सांगितली. फोटो तिच्या भाच्याने कार्डिफहून पाठवला. तो एकदा प्रदर्शन बघायलाही येऊन गेला आणि पॅनेलसमोर बराच वेळ उभा राहिला. मावशीने ही गोष्ट त्याला कधीच सांगितली नव्हती. कंडक्टरबाईंचा पॅनेल शेजारीच आहे, बदकासकट. त्यांचं गुपित मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितेय ते मराठीत, आणि गटात मराठी वाचणारे फक्त आमचे हे आहेत, त्यांचं तोंड बिस्किटाने बंद करता येतं.

प्रदर्शन संपल्यावर सगळा गट एक दिवस एडिंबराला गेला, तिथली नवी ट्राम बघायला. ही ट्राम व्हायला इतकी वर्षं लागली, की तिच्यावरचे विनोदही जुने झाले. पेन्शनरांचा जो पास बसमध्ये चालतो तो या ट्राममध्ये फक्त एडिंबराच्या रहिवाशांना चालतो, असं प्लॅटफॉर्मवर कळलं तेव्हा ग्लासगोच्या आठ म्हाताऱ्या माणसांचा जो संताप उसळला तो मशीनशी बोलून व्यक्त करावा लागला, कारण तिकीट मशीनच देतं. ट्राम आली. लांब, स्वच्छ, बिनआवाजाची. एकमजली. बाकांच्या पाठी पक्क्या.

आम्ही बसलो. कंडक्टरबाई दाराजवळ उभ्याच राहिल्या, दांडा धरून. मला वाटलं बसायला जागा नाही, म्हणून मी उठायला लागले, तर त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. पुढच्या थांब्यावर चाकांच्या बॅगा घेऊन पर्यटकांचा एक मोठा घोळका आत शिरला आणि दारातच अडकून मोबाइल बघायला लागला. पंच्याऐंशी वर्षांच्या, पाच फुटांच्या आतल्या त्या बाईने छाती भरून श्वास घेतला.

"आत सरका! दारात उभं राहू नका! आत सरका!"

अख्खी ट्राम आत सरकली. मास्तरसुद्धा, बसल्या बसल्या.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे गाल लाल झाले होते. "कसं वाटलं?" मी विचारलं.

"बहिणीपेक्षा चांगलं जमलं," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुढच्या थांब्यासाठी घसा साफ केला.